घरची गाठ

नांदरखाडीत जाळं विणणारा माणूस शेवटची गाठ स्वतःच्या हाताने मारत नाही. सगळं जाळं विणून झालं की तो शेवटचा डोळा, म्हणजे जाळ्याचं शेवटचं भोक, उघडा ठेवतो, दोरी अंगठ्याखाली दाबून धरतो आणि घरातल्या कुणालातरी हाक मारतो. बायको, आई, अंगणात खेळणारं पोर, जे हाताशी असेल ते येऊन ती गाठ मारतं. तिला घरची गाठ म्हणतात. ज्या जाळ्याला घरची गाठ नाही त्याच्या धन्याची वाट बघणारं कुणी नाही, असं दर्याला कळतं आणि मग दर्या त्याला परत पाठवायची तसदी घेत नाही. ही समजूत खरी की खोटी, हे विचारायचं नसतं. पुढे कारखान्यातून नायलॉनची जाळी येऊ लागली, त्यांची पहिली गाठही यंत्र मारायचं आणि शेवटचीही, तेव्हा समजूत आपोआप अडगळीत गेली.

एका घरात मात्र ती टिकून होती. नरोत्तम पागधरे याला आजाने तागाच्या दोरीची डोल विणायला शिकवली होती. डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी खांबांना बांधायचं नरसाळ्याच्या आकाराचं जाळं. तोंडाशी डोळे हाताच्या पंजाएवढे आणि शेपटीकडे बारीक होत होत करंगळीही जाऊ नये इतके. कुठे किती कमी करायचं ते मोजपट्टीवर नसतं, बोटांत असतं. अशा जाळ्याला गिऱ्हाईक नव्हतं, पण नरोत्तम हौसेनं विणायचा. लग्न झाल्यावर बायको शेजारी येऊन बसू लागली. आधी नुसती घरची गाठ मारायला बसायची, मग एक ओळ, मग दोन ओळी, असं करता करता हेमलताच्या बोटांनाही सगळी डोल येऊ लागली. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. बाईनं मासळी विकावी, जाळं पुरुषानं विणावं, अशी रीत. ती दोघं दार लोटून विणायची आणि हसायची.

मग नरोत्तम एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. इंजिन बंद पडलं, पाण्याच्या ओढीनं बोट वाहवत गेली आणि पाण्यावर न दिसणारी सरहद्द ओलांडून पलीकडे गेली. शेजारी देशाच्या गस्तीनं सगळ्यांना धरलं. शिक्षा झाली ती थोडकी होती. ती कधीच भोगून झाली. पण सुटायचं तर तिकडच्यांनी विचारायचं, इकडच्यांनी ओळख पटवायची, मग तिकडच्यांनी मानायचं, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी दोन्ही देशांचं बिनसायचं. रेड्यांची टक्कर आणि झाडाचा काळ. नरोत्तम गेला तेव्हा मुलगी ऋतुजा बालवाडीत होती. आता ती अकरावीला होती, आणि तिला बापाची आठवण म्हणजे एक खरखरीत तळहात, एवढीच.

अशात तो करार झाला. दोन शेजाऱ्यांचं पटतंय असं दुनियेला दाखवायला काहीतरी निर्मळ लागतं. जमिनीवर पटत नव्हतं, पाण्यावर पटत नव्हतं, तेव्हा त्यांनी सामायिक वारसा आणि मानवी हक्क हे विषय निवडले. करारात एक कलम असं पडलं की एखादी लोप पावत चाललेली कला ज्या एकट्या माणसाला येते तो माणूस पलीकडच्या तुरुंगात असेल, तर त्याला हंगाम संपायच्या आत घरी धाडावं. कारण आपली कला जिवंत ठेवणं हा त्या समाजाचा हक्क आहे. वारसा आणि माणूस एकाच दोरीत बांधणारं हे एकच कलम होतं, आणि मसुदा करणाऱ्यांना त्याचा फार अभिमान होता.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भगवानदास नाखवा ते कलम ऐकून सरळ हेमलताच्या दारात आले.

"बाय, हाताची डोल नरोत्तमशिवाय कुणाला येतं?"

"मना येतं," हेमलता म्हणाली.

नाखवांनी मागे वळून रस्ता पाहिला. मग आवाज उतरवून विचारलं, "आन हे कुणाला ठाव हाय?"

"त्याला आन मना. आता तुमाला."

"मग मी आयकलं नाय. आजपासून तुला जाळ्याची सुई धरता येत नाय. एक नरोत्तम सुटला, की त्याच वाटेनं बाकीचे सुटतील. बोटीवर तो एकला नवता."

हेमलताला ते पटलं. नरोत्तमची बांबूची सुई तिनं ओहोटीला खाडीत सोडून दिली आणि ती वाहत जाताना बघत उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं दोरीला हात लावला नाही. हात शिवशिवायचे. मासळी विकताना पिशवीची नाडी बांधायची झाली तरी ती मुद्दाम ओबडधोबड गाठ मारायची.

सगळ्यात जड गेलं ते घरात. कॉलेजात वारशाचा प्रकल्प मिळाला म्हणून ऋतुजा दोरी घेऊन आली.

"आई, निदान सुरुवात तरी दाखव."

"मना मासळी इकता येतं. जाळ्यातलं मना कय ठाव?"

"बाबा एवढं जाणायचे आणि तू त्यांच्याकडून काहीच घेतलं नाहीस?"

हेमलता बोंबलाची टोपली उचलून बाहेर निघाली. मुलीला खरं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण पोर कॉलेजात कुणापाशी बोलली, त्यानं ते आणखी कुठे टाकलं, की संपलं. खोटं टिकवायचं तर ते घरापासून टिकवावं लागतं. तिनं ते टिकवलं आणि मुलीच्या नजरेतून ती हळूहळू उतरत गेली.

नाखवांनी धाडलेला अर्ज दोन्हीकडे मान्य झाला. पलीकडच्या देशानं पत्रकात नांदरखाडीचं नाव घेतलं. गावात पेढे वाटले गेले. संयुक्त समितीची माणसं येणार असं कळलं, तेव्हा हेमलतानं घर सारवल्यासारखं पुसून काढलं आणि नरोत्तमचे सदरे उन्हात घातले.

समितीच्या दोघीजणी आल्या. मुक्ता गानू ही इकडची, यंत्राची जाणकार, वयानं तिशीतली. नफीसा बलोच ही तिकडची वकील. कैद्यांच्या हक्कांसाठी भांडून भांडून तिचे केस पिकले होते, आणि ती हिंदीत सावकाश बोलायची. त्यांच्यासोबत नरोत्तम नव्हता. एक पेटी होती.

सोसायटीच्या सभागृहात सगळा गाव जमला. मुक्तानं पेटी उघडली. आत कोपरापर्यंत येतील असे दोन पातळ, राखाडी हातमोजे होते.

"यात नरोत्तमदादांचे हात आहेत," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूकडून हुकूम निघतो आणि कोपराखालच्या स्नायूंत अगदी क्षीण अशी वीज खेळते. कापडात विणलेले बारीक तंतू ती वीज टिपतात. बोटाचा बाक, दोरीचा ताण, मनगटाचा झोल, सगळं त्यात येतं. याला हातठसा म्हणतात. मग तोच मोजा दुसऱ्याच्या हातात घातला, की टिपलेल्या विजेचे हलके धक्के त्याच्या स्नायूंना मिळतात आणि त्याचा हात पहिल्याच्या हातासारखा चालू लागतो. कुणीतरी पाठीमागून आपले हात धरून लिहायला शिकवावं, तसं. पलीकडच्या तुरुंगात नरोत्तमकडून एक हातभर लांबीची नमुन्याची डोल विणून घेतली होती, आणि तिचा हा ठसा होता.

"मंजे तुमी कला आणली," नाखवा म्हणाले. "माणूस कुठं हाय?"

नफीसानं मान खाली घातली. उत्तर मुक्तानंच दिलं, पण हळू आवाजात, नाखवा आणि हेमलतापुरतं. करारात मागाहून एक पुरवणी जोडली गेली होती. हातठशावरून कला दुसऱ्याच्या हातात उतरली, तर ती लोप पावत नाही, सबब ते कलम लागू होत नाही. उतरली नाही, तर माणसाला पर्याय नाही आणि त्याला हंगामाच्या आत सोडावंच लागेल. ते तपासायला घरातलंच कुणीतरी मोजा घालणार होतं. कारण वारसा हा आधी घराचा असतो, परक्याच्या हातात तो देणं हा त्या घराच्या हक्काचा भंग होईल. एवढा बारीक विचार दोन्ही देशांनी केला होता. माणूस परत करायला सह्या, ओळख, गाडी, विमान सगळं लागतं. वारशाला एक पेटी पुरते.

"हाताला आलं की नाही ते यंत्र कसं सांगतं?" मोज्यांपाशी येऊन ऋतुजानं विचारलं. घरातल्या कुणाचीतरी चाचणी आहे, एवढंच तिच्या कानावर पडलं होतं.

"आधी कोण निघतं, यावरून. शिकाऊ हातात धक्का आधी पोचतो आणि हात त्यामागून हलतो. ज्याला येतं त्याचा हुकूम धक्क्याच्या आधी निघतो. पापणी लवायच्या आत, पण आधी. ते ठरवून लपवता येत नाही, कारण ते ठरवायच्याही आधी घडतं."

हेमलतानं आपले हात पदराखाली घेतले.

"मी घालते," ऋतुजा म्हणाली.

"नाय. मी घालीन."

"का? तुला दोरी धरता येत नाही. माझा हात हलका आहे, मला येईल."

तेच तर भय होतं. पोरीची बोटं बापाची होती. तिला एका बैठकीत आलं असतं आणि तिनं ते आनंदानं, सगळ्यांसमोर करून दाखवलं असतं, आपण काय बुडवतोय हे तिला समजलंही नसतं. समजावून सांगावं तर हात मुद्दाम चुकवायला शिकवावं लागणार, आणि मुक्ता नुकतीच म्हणाली होती की हात लपवाछपवी जाणत नाही.

"मी बायको हाय. मान माझा," हेमलता म्हणाली.

घरी आल्यावर ऋतुजा रडली नाही. ती थंडपणे म्हणाली, "मला बाबांचा चेहरा आठवत नाही. हात आठवतो. तो एकदा माझ्या हाताला लागला असता. तेवढंही तू मला देत नाहीस." हेमलता भाकऱ्या थापत राहिली. तिला पोरीला पोटाशी धरायचं होतं, पण तसं केलं तर तोंडातून सगळं बाहेर पडेल हे तिला ठाऊक होतं.

नफीसा जाताना तिला एकटीला भेटली होती. नरोत्तमला खोकला असतो, तो तिकडे बागेचं काम करतो, पत्रं दोन्हीकडून अडतात, असं तिनं सांगितलं. "ठसा तुमच्या घरी जाणार म्हटल्यावर ते हसले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. विचारलं, घालणार कोण? मी म्हटलं, घरचंच कुणीतरी."

"कलमाचं त्याला सांगितलं का?"

"परवानगी नव्हती. त्यांना आधी कळलं असतं तर ठसा बाद ठरला असता."

चाचणीच्या सकाळी हेमलता बाजारात नेहमीच्या जागी बसली. समोर बर्फाची पेटी होती. तिनं मासळी बाजूला सारली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात खुपसले. आयुष्य बर्फात गेलं होतं. गारठलेल्या हाताला सुरमई आणि सुरी यातला फरक कळत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शेजारची कोळीण म्हणाली, "हेमा, याड लागला का तुना?" बोटं आधी दुखली, मग जळाली, मग नाहीशी झाली. तशीच ती हात पदरात गुंडाळून सभागृहात गेली.

मुक्तानं मोजे चढवताना तिच्याकडे पाहिलं. एवढे थंड हात तिच्या लक्षात आले नसतील असं नाही. "मासळीबाजारातून आलात ना, होतं असं," एवढंच ती म्हणाली, आणि पट्टे आवळले. हेमलताला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली.

भिंतीवर पडदा होता. निळी रेघ नरोत्तमच्या हाताची, पिवळी हेमलताच्या. दोन्ही देशांचा एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे नोंद त्याच क्षणी दोन्हीकडे उमटायची आणि तिथेच कुलूपबंद व्हायची, मागाहून कुणाला एक ठिपकाही हलवता यायचा नाही. त्यालाही ते सहकार्यच म्हणत होते.

मोजा जागा झाला आणि तिचा उजवा हात उठला.

तो तिचा नव्हता. सुई उचलताना मनगट आधी बाहेर झटकायची त्याची सवय होती, ती तशीच आली. दोरी ओढल्यावर अंगठा दोनदा घासायचा, तो दोनदा घासला. हेमलतानं डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर ती तिथे राहिली नसती. इतकी वर्षं ती या माणसाची छायाचित्रं बघत होती, त्याचे सदरे वाळवत होती, आणि आता तो तिच्या कातडीच्या आत शिरून काम करत होता. मधेच हात थरथरला आणि थांबला. खोकला आला असणार. तिनं श्वास रोखून धरला. मग हात पुन्हा चालू लागला.

बोटं मेलेलीच होती. गाठी वेड्यावाकड्या पडत होत्या, निळी रेघ पुढे आणि पिवळी मागून, लंगडत. नाखवा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. बोटीवरच्या बाकीच्या खलाशांच्या बायका दाराशी दाटल्या होत्या. ऋतुजा आईच्या चुका बघून दात आवळत होती.

काम पुढे सरकलं. तोंडाचे मोठे डोळे संपले, मधले आले, बारीक होत चालले. आणि हेमलताच्या ध्यानात जे आलं नव्हतं ते घडू लागलं. स्नायू राबले की तापतात. नरोत्तम तिचे हात राबवत होता, आणि त्याच्याच राबवण्यानं तिच्या हातात ऊब येत होती. आधी तळवा जागा झाला, मग अंगठा. तिनं जीभ चावली, समुद्राचा विचार केला, तुरुंगाचा केला, उद्याच्या बाजाराचा केला. पिवळी रेघ मागेच राहिली. शेपटीची शेवटची ओळ आली. आता थोडंच उरलं होतं, आणि तिला पहिल्यांदा वाटलं की तो येतोय. खरंच येतोय. दारात उभा राहील आणि म्हणेल, चहा टाक.

तेवढ्यात हात थांबला.

मोडला नाही, थकला नाही. शेवटचा डोळा उघडा होता, दोरी अंगठ्याखाली दाबलेली होती, मनगट जरासं तिच्या बाजूला कललेलं. त्या तुरुंगात, पहारेकऱ्यांच्या समोर, यंत्राच्या तारा अंगावर घेऊन नरोत्तमनं नेहमीसारखी हाक मारली होती. मोज्यातून धक्का येत नव्हता. निळी रेघ सपाट झाली होती. तो तिची वाट बघत होता.

आणि हेमलताचा हात गेला. तिनं पाठवला नाही. इतकी वर्षं दार लोटून तो ज्या सवयीनं जात आला होता, त्या सवयीनं तो गेला, दोरी त्याच्या अंगठ्याखालून अलगद घेतली, वेढा दिला, ताण बघितला आणि घरची गाठ मारली. सुबक, बारीक, एका दमात.

पडद्यावर पिवळी रेघ एकटीच उठली होती. तिच्यापुढे निळं काही नव्हतंच. यंत्रानं ते त्याच्या भाषेत लिहिलं: धक्क्याविना स्वतंत्र कृती. हस्तांतर पूर्ण. याहून वरची श्रेणी त्याच्यापाशी नव्हती.

मुक्ताचा हात कळफलकाकडे गेला आणि तसाच राहिला, कारण पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुलूप इकडेही पडलं होतं आणि तिकडेही. ऋतुजा धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "आई, तुला आलं. कसली सुंदर मारलीस गं," असं ती म्हणत होती. दाराशी उभ्या बायकांतली एक पाठ फिरवून निघून गेली. हेमलतानं हातांकडे पाहिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसे ते तिचेच हात होते.

"बाय, कय केलंस ह्ये?" नाखवा म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"त्यानं हाक मारली," हेमलता म्हणाली.

नफीसा तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसली. "आम्हाला वाटलं होतं ठसा अपुरा राहिला. मी त्यांना म्हटलं, एक गाठ राहिली. ते म्हणाले, ती माझी नाही." तिनं चष्मा काढून पुसला. "कराराप्रमाणे आजच्या चाचणीची प्रत तिकडे जाते. नरोत्तम तो मोजा घालतील. मी सांगेन त्यांना, गाठ तुम्ही मारली म्हणून."

"ते नका सांगू. त्याला कळंल." हेमलता मोज्याचा पट्टा सोडू लागली. "तो सुटत नाय, ते कोण सांगंल?"

"तेही मीच."

मग सरकारनं नांदरखाडीत वारसा केंद्र उघडलं. दोन्ही देशांचे पाहुणे आले, एकमेकांचे हात हातात धरून त्यांनी छायाचित्रं काढून घेतली, आणि शेजाऱ्यांनी कसं वागावं याचा हा नमुना आहे असं भाषणात म्हणाले. नरोत्तमचा अर्ज साध्या रांगेत गेला, आणि त्या रांगेला पुढचं टोक नव्हतं. बाकीच्या बायका बाजारात हेमलताच्या शेजारी बसायच्या, बोलायच्या, पण बोलण्यातली मऊ जागा गेली होती. नाखवा दिसले की रस्ता बदलायचे. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना फक्त काय बोलावं ते सुचत नव्हतं.

सुखी झाली ती एकटी ऋतुजा. केंद्रात ती रोज मोजा घालून बसायची आणि घरी येऊन बापाबद्दल बोलायची, जणू तो पलीकडच्या आळीत राहतो. बाबा दोरी ओढली की अंगठा दोनदा घासतात, बाबा मधेच खोकतात. एकदा तिनं विचारलं, "आई, तुला आधीपासून येत होतं ना?" हेमलता हो म्हणाली. कशासाठी लपवलं तेही तिनं सांगितलं, कारण आता सांगण्यानं काही बिघडणार नव्हतं. ऋतुजा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. घरच्या गाठीचं मात्र हेमलतानं तिला सांगितलं नाही. ते तिच्यानं सांगवलं नाही.

पलीकडून दुसरा ठसा आला तो होळीच्या सुमाराला. सहकार्य उत्तम चाललं असल्यामुळे आता पूर्ण आकाराची डोल विणून घेतली होती. नरोत्तमनं चाचणीची प्रत अनुभवल्यावरचं हे पहिलंच काम. हेमलता बाजार सोडून केंद्रात गेली. ऋतुजानं आधीच सगळं विणून काढलं होतं, आणि जाळं तिच्या पायांशी पसरलं होतं, ओल्या तागाच्या वासाचं.

"या खेपेला ठसा पुरा आहे," ऋतुजा मोजा उतरवत म्हणाली. "मागच्या वेळी शेवटी हात थांबत होता ना, तसं नाही. बाबा कुठेच थांबत नाहीत. शेवटची गाठसुद्धा त्यांनीच मारली."

"थांबला नाय?"

"जरासुद्धा नाही. उलट शेवटी घाईच केली. का, चूक आहे का ती?"

हेमलता खाली बसली. जाळ्याची शेपूट तिनं मांडीवर ओढून घेतली आणि बोटांनी ती गाठ शोधली. त्याचीच होती. घट्ट, नीट, कुणासाठी काही न ठेवणारी. तिची गाठ त्याच्या हाताला लागली होती, नफीसानं सांगायचं ते सांगितलं होतं, आणि हे त्याचं उत्तर होतं. माझी वाट बघू नकोस. दर्याला कळू दे.

ती नखानं गाठ उकलू लागली. ताग फुगला होता, नख मोडलं, पण गाठ सुटली. डोळा उघडा झाला. तिनं दोरी अंगठ्याखाली दाबून धरली.

"आई, अगं काय करतेस? ते जसंच्या तसं ठेवायचं आहे. उद्या पाहुणे येणार आहेत."

"ठेव ना."

"मग पुन्हा घालते मोजा, तेवढी शेवटची ओळ."

ऋतुजानं मोजा चढवला आणि आईच्या हातातली दोरी घेतली. हेमलता तिच्या हाताकडे बघत राहिली. मनगट बाहेर झटकलं, अंगठा दोनदा घासला, मधे खोकला येऊन हात थरथरला. शेवटच्या डोळ्यापाशी हात आला आणि न थांबता पुढे गेला.